मुरलेले पाणी : नर्मदा परिक्रमा आणि श्रद्धेचा अर्थ



या व्याख्यानमालेत आजवर विद्वानांनी, लेखकांनी आणि समाजसेवकांनी विचार मांडले आहेत. त्यांच्या पंक्तीत एका सेवानिवृत्त पाणीपुरवठा अभियंत्याला बसविण्याचे धाडस आयोजकांनी केले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. 'श्रद्धा आणि व्यक्तिविकास' या विषयावर बोलावे असे मला सुचविण्यात आले. हा विषय मोठा आहे आणि माझा अधिकार लहान. म्हणून मी तो माझ्या आटोक्यातील एका उदाहरणापुरता मर्यादित करतो. ते उदाहरण नर्मदा परिक्रमेचे आहे. वयाच्या ६२ व्या वर्षी, २०१० सालच्या कार्तिकी एकादशीनंतर, मी ओंकारेश्वरहून पायी निघालो आणि पुढील वर्षी वैशाखात परत आलो. त्या चालण्याचे प्रवासवर्णन मी करणार नाही. श्रद्धा नावाची गोष्ट माणसात कशी उत्पन्न होते, याची जी प्रक्रिया मला तेथे उमगली, ती उलगडून सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

१. नदीची घडण

ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते गुरुजी आम्हांला भूगोल शिकवीत. त्यांची एक आवडती पृच्छा होती. गंगा-यमुनेला हिमालयाचे बर्फ आहे, मग नर्मदेला उन्हाळ्यात पाणी येते कोठून? हा प्रश्न नीट समजून घेण्यासारखा आहे. नर्मदा अमरकंटक येथे मैकल पर्वतावर, समुद्रसपाटीपासून एक हजार मीटरहून अधिक उंचीवर उगम पावते आणि १३१२ किलोमीटर वाहून भरूचपलीकडे खंभातच्या आखातास मिळते. द्वीपकल्पातील बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेकडे वाहत असता ही पश्चिमेकडे वाहते, कारण विंध्य आणि सातपुडा यांच्यामधील खचदरीने तिला तो मार्ग दिला आहे. तिच्या वाटेवर कोठे दख्खनचा काळा पाषाण आहे, तर कोठे भेडाघाटचा शुभ्र संगमरवर. तिच्या उत्तर तीरावरील हथनोरा येथे १९८२ साली भूवैज्ञानिक अरुण सोनकिया यांना आदिमानवाच्या कवटीचा जीवाश्म सापडला. ज्या डायनोसोराच्या नावात शास्त्रज्ञांनी २००३ साली नर्मदेचे नाव गुंफले, त्याच्या अस्थी गुजरातेत मिळाल्या. नदीला 'चिरकुमारी' म्हणणाऱ्या आपल्या पूर्वजांना हे ठाऊक नव्हते. परंतु आपल्या वयाच्या मोजपट्टीत ती मावत नाही, एवढे त्यांना निश्चित जाणवले होते.

आता गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर. पावसाचे सगळे पाणी वाहून जात नाही. अमरकंटक, दिंडोरी, मंडला या भागांतील सालवनांत पडलेला पाऊस पानांवर अडतो, कुजलेल्या पाचोळ्यात शिरतो, मातीत उतरतो आणि खडकांच्या भेगांतून महिनोन् महिने पाझरत राहतो. दोन्ही तीरांवरील डोंगर आणि गाळाची मैदाने हेच काम करतात. चैत्रात नदीत जे पाणी दिसते त्यात अलीकडे धरणांतून सोडलेल्या पाण्याचा वाटा मोठा आहे हे खरे. परंतु नदीला मुळात बारमाही केले ते या मुरलेल्या पाण्याने. मराठीत 'पाणी मुरते आहे' हा वाक्प्रचार आपण संशयासाठी वापरतो. आज मी तो श्रद्धेसाठी वापरणार आहे. बर्फ दिसते, मोजता येते, त्याचे छायाचित्र घेता येते. मुरलेले पाणी दिसत नाही. ते आहे हे नदी आटली नाही यावरूनच कळते.

२. परिक्रमेचे नियम

परिक्रमा म्हणजे नदीला प्रदक्षिणा. नदी सदैव उजव्या हाताला ठेवून एका तीराने समुद्रापर्यंत जायचे, तेथे नावेतून मुखाशी समुद्र ओलांडून दुसऱ्या तीरास लागायचे, त्या तीराने उगमापर्यंत चढायचे आणि अमरकंटकला वळसा घालून पहिल्या तीराने मूळ ठिकाणी यायचे. वाटेत नदीचे पात्र कोठेही ओलांडायचे नाही. सोबत कुपीत नर्मदेचे जल, अंगावर मोजके कपडे, आणि जेवणाखाणासाठी जे मिळेल ते. पारंपरिक मुदत तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवसांची. त्यात चातुर्मासात एके ठिकाणी मुक्काम करण्याचा दंडक आहे. आज बहुतेक पायी परिक्रमावासी ती पाच-सहा महिन्यांत पुरी करतात आणि कित्येकजण वाहनाने करतात. कोणती खरी आणि कोणती खोटी, या वादात मला पडायचे नाही.

या नियमांकडे मी अभियंत्याच्या दृष्टीने पाहिले. आमच्या शास्त्रात 'फॅक्टर ऑफ सेफ्टी' नावाची एक संकल्पना आहे. जलवाहिनीवर जितका दाब येईल असे गणित सांगते, त्याहून बराच अधिक दाब सोसेल अशी ती करायची. संसारातही आपण हेच करतो. बँकेत ठेव, कपाटात औषधे, खिशात मित्राचा दूरध्वनी क्रमांक. यात वावगे काहीच नाही. परंतु परिक्रमेचा प्रत्येक नियम यातील एकेक आधार पद्धतशीरपणे काढून घेतो. संग्रह नको, म्हणून उद्याची तरतूद गेली. पात्र ओलांडायचे नाही, म्हणून जवळची वाट गेली. समोरच्या तीरावर हाकेच्या अंतरावर धर्मशाळा दिसत असली तरी तिच्यापर्यंत पोचण्यास काही महिने लागतात. मागून खायचे, म्हणून प्रतिष्ठा गेली. हे सर्व गेल्यावर जे उरते, तेवढ्यावर माणूस उभा राहू शकतो की नाही, याची ही परीक्षा आहे.

ही परीक्षा तारुण्यातच द्यावी असेही नाही. जबलपूरचे चित्रकार आणि लेखक अमृतलाल वेगड (१९२८-२०१८) यांनी नर्मदातीरावर चालण्यास १९७७ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, प्रारंभ केला. ते शिक्षक होते. त्यांनी ही पदयात्रा सलग केली नाही, टप्प्याटप्प्याने केली, आणि तिच्यातून चित्रे व ग्रंथ निर्माण केले. नवे आव्हान स्वीकारण्यासाठी जुने कर्तव्य टाकावे लागत नाही, हा त्यांच्या उदाहरणातील बोध माझ्यासारख्या गृहस्थाला फार धीर देणारा वाटला.

३. मागण्याची विद्या

परिक्रमेत शरीराला श्रम होतात, हे सर्वजण सांगतात. मला त्याहून कठीण गेले ते मागणे. तेहेतीस वर्षे मी अधिकारी म्हणून काम केले होते. माझ्यासमोर अर्ज येत. अर्ज करण्याची मला सवय नव्हती. तीरावरील आश्रमांतून परिक्रमावासींना 'सदाव्रत' मिळते, म्हणजे पीठ, डाळ, मीठ असा कोरडा शिधा. अन्नक्षेत्रांत तयार जेवणही मिळते. परंतु जेथे आश्रम नाही तेथे एखाद्या दारात उभे राहून 'नर्मदे हर' म्हणावे लागते. पहिल्या आठवड्यात हे शब्द माझ्या घशातून बाहेर येईनात. बरोबरचे एक वयस्कर माळवी शेतकरी माझ्या वतीने आवाज देत आणि मी त्यांच्या मागे उभा राहत असे.

यातून काय घडते ते सांगतो. देणारा नेहमी उंचावर असतो. घेणाऱ्यास मान वाकवावी लागते. आपण शिकलेली माणसे देण्याचे संस्कार पुष्कळ करतो, परंतु घेण्याचे शिक्षण आपल्याला कोणी देत नाही. आणि ज्याला घेता येत नाही त्याची श्रद्धा बहुधा स्वतःच्या सामर्थ्यावरच असते. निमाडातील एका गावात एका बाईंनी मला ताक दिले आणि पेला परत घेताना माझ्याच पायांस हात लावला. मी संकोचून मागे सरलो, तेव्हा त्या म्हणाल्या की नमस्कार तुम्हांला नाही, मैयाच्या परकम्मेला आहे. त्या एका वाक्याने माझ्या मनावरील ओझे उतरले. अन्न मला मिळत नव्हते. माझ्या निमित्ताने ते एका मोठ्या व्यवहारात फिरत होते. त्या व्यवहारात मी न देणारा होतो, न घेणारा. पाणी वाहून नेणारी नळी आपण पाण्याची मालक आहोत असे समजत नाही, ही गोष्ट मला इतक्या वर्षांच्या नोकरीत कधी सुचली नव्हती.

येथे आपल्या मराठी मंडळींनी नर्मदातीरी जे उभे केले त्याचेही स्मरण करणे उचित ठरेल. महेश्वरचे घाट पुण्यश्लोक अहिल्याबाईंचे आहेत. त्यांचे देहावसान १७९५ साली झाले, पण त्या पायऱ्यांवर आजही परिक्रमावासी पाठ टेकतो. कोकणातील माणगावी जन्मलेले वासुदेवानंद सरस्वती, अर्थात टेंबे स्वामी, १९१४ साली गरुडेश्वरी याच नदीच्या तीरावर समाधिस्थ झाले. आपण माळव्यातले मराठी लोक स्वतःला पाहुणे समजतो की घरचे, हा वाद आपल्या मंडळांच्या सभांत अधूनमधून रंगतो. नदीने तो वाद कधीच निकालात काढलेला आहे.

४. झाडी आणि बुडालेली गावे

निसर्गाच्या सहवासात मन शांत होते, असे लिहिण्याची प्रथा आहे. मला ते विधान अपुरे वाटते, कारण नर्मदेचा निसर्ग आज निखळ निसर्ग राहिलेला नाही. दक्षिण तीराने बडवानी सोडल्यावर सातपुड्याची 'शूलपाणीची झाडी' लागते. तिचा काही भाग नंदुरबार जिल्ह्यात येतो. येथे परिक्रमावासी लुटले जात, त्यांच्या अंगावर लंगोटीही राहत नसे, अशा कथा पिढ्यान् पिढ्या सांगितल्या गेल्या आणि त्यास मैयाने घेतलेली वैराग्याची परीक्षा मानले गेले. त्यामागे त्या डोंगरांतील दारिद्र्यही होते, हे आपण विसरू नये.

आता त्या झाडीचा मोठा भाग सरदार सरोवराच्या जलाशयाखाली आहे. या धरणाची कोनशिला पंडित नेहरूंच्या हस्ते १९६१ साली बसविली गेली, पाणीवाटपाचा लवादाचा निवाडा १९७९ साली आला आणि १३८.६८ मीटर उंचीचे पूर्ण झालेले धरण २०१७ साली राष्ट्रास अर्पण झाले. जुने शूलपाणेश्वराचे मंदिर पाण्यात गेले. नवे दुसरीकडे उभे राहिले. वरच्या अंगास इंदिरा सागरासाठी २००४ साली हरसूद हे नांदते गाव रिकामे करण्यात आले. या धरणांनी दूरवरच्या कोरड्या प्रदेशांना पाणी दिले आणि तीरावरील हजारो कुटुंबांना उठविले. दोन्ही गोष्टी सत्य आहेत, आणि एक सांगून दुसरी झाकणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

झाडीत एका पाड्यावर एका पावरा कुटुंबाने मला रात्री आसरा दिला. मक्याची भाकरी आणि उडदाची डाळ असे जेवण होते. यजमानांची सखल जमीन जलाशयात गेली होती; उरलेल्या उतारावर ते मका पेरीत. त्यांनी माझा धंदा विचारला. मी सांगितले की इंदूर शहराला नर्मदेचे पाणी पोचविण्याच्या कामात माझी उमर गेली. आपणांस ठाऊकच आहे, १९७० च्या जनआंदोलनानंतर १९७८ साली मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, सुमारे सत्तर किलोमीटर अंतरावरून, विंध्याचा चढ चढवून हे पाणी आपल्या शहरात आले. ते ऐकून हा गृहस्थ काही कटू बोलेल अशी माझ्या मनाची तयारी होती. त्याने मोडक्या हिंदीत एवढेच विचारले, इतक्या लांब गेल्यावर पाणी गोड राहते का?

श्रोतेहो, या प्रश्नावर मी पुष्कळ विचार केला आहे. त्याच्या क्षमाशीलतेचे कौतुक करून मोकळे होणे मला जमत नाही; त्याची जमीन गेली ती गेलीच, आणि तिचा मोबदला हा न्यायाचा विषय आहे, श्रद्धेचा नव्हे. पण त्या माणसाचे नदीशी असलेले नाते नदीपासून झालेल्या लाभहानीवर अवलंबून नव्हते, हे मी डोळ्यांनी पाहिले. सकाळी तो जलाशयाच्या काठाशी गेला, जेथे पूर्वी त्याचे शेत होते तेथील पाणी त्याने ओंजळीत घेतले आणि मस्तकी लावले. मी श्रद्धेची जी व्याख्या शोधीत होतो ती मला पुस्तकात मिळण्याआधी तेथे मिळाली.

५. समुद्र

दक्षिण तीर संपतो तो काठपोरच्या किनाऱ्यावर. तेथून नावेने समुद्र ओलांडून उत्तर तीरावरील मिठी तलाईस जायचे असते. नाव भरतीच्या वेळेवर सुटते; ती वेळ चंद्र ठरवितो, नावाडी नव्हे. आम्ही मध्यरात्रीनंतर कंदिलाच्या उजेडात चिखल तुडवीत नावेत बसलो. तीन-चार तास सभोवार काळे पाणी होते. मला पोहता येते, पण त्या आखातात त्या कलेचा काय उपयोग! गणित केले तर धोका दिसत होता आणि माझ्या हातात काहीच नव्हते. शेजारच्या वृद्ध बाई शांतपणे जप करीत होत्या. त्यांना भीती वाटत नाही का, असे मी विचारले. वाटते की, त्या म्हणाल्या, म्हणून तर नाव घेते.

हे उत्तर मला महत्त्वाचे वाटते. श्रद्धा म्हणजे भीतीचा अभाव, अशी आपली समजूत असते. म्हणून ज्याला भीती वाटते तो स्वतःला अश्रद्ध मानतो. त्या बाईंच्या ठिकाणी दोन्ही एकत्र नांदत होत्या. भीती होती आणि तिच्यासह पुढे जाणेही होते.

तसेच श्रद्धा ही हमी नव्हे. राजपिपल्याच्या अलीकडे माझा गुडघा सुजला आणि मला एका आश्रमात अकरा दिवस पडून राहावे लागले. तेथे चमत्कार घडला नाही. विश्रांतीने, शेकाने आणि सरकारी दवाखान्यातील औषधाने गुडघा बरा झाला. त्या अकरा दिवसांत माझ्या मनात परतण्याचा विचार आला, आणि परतलो असतो तरी त्यात कमीपणा नव्हता. कोणी वाटेत थांबला म्हणून नदी त्याच्यावर रुसत नाही, असे आश्रमातील साधूंनी मला सांगितले. ते ऐकल्यावरच पुढे जाण्याची इच्छा झाली.

६. श्रद्धा कशी मुरते

आता मूळ विषयाकडे येतो. 'श्रद्धा' हा शब्द 'श्रत्' आणि 'धा' यांपासून झाला आहे. वैदिक निघंटूत 'श्रत्' हा शब्द सत्याच्या नावांत दिलेला आहे, आणि 'धा' म्हणजे ठेवणे. सत्यावर स्वतःला ठेवणे ती श्रद्धा. यात मानण्यापेक्षा ठेवण्यावर भर आहे. आपला भार प्रत्यक्ष टाकून पाहिल्याशिवाय ती सिद्ध होत नाही. पुलाचे गणित कागदावर कितीही जुळले तरी त्यावरून चालणे हा वेगळा अनुभव आहे.

ही ठेवण्याची क्रिया एकदम होत नाही. जोराचा पाऊस उतारावरून वाहून जातो; हळूहळू पडणारा मुरतो. मोठ्या भावनेच्या भरात आलेली भक्ती अशीच वाहून गेलेली आपण पाहतो. परिक्रमेत भावना फार थोडी असते. रोज पहाटे उठणे, वीस-पंचवीस किलोमीटर चालणे, स्नान, शिधा शिजविणे, सायंकाळी तीरावर दिवा आणि आरती. पुन्हा दुसरा दिवस. या पुनरावृत्तीत मन कंटाळते, मग रागावते, मग गप्प बसते, आणि ते गप्प बसल्यावर काहीतरी आत झिरपू लागते.

माझ्यापुरते सांगतो. २००९ साली माझी पत्नी निवर्तली. देवापुढे सांजवात तीच लावीत असे. तिच्यामागे वर्षभर तो दिवा लागला नाही. मला त्यात अर्थ दिसत नव्हता आणि अर्थ नसलेली कृती करण्याची माझी प्रवृत्ती नव्हती. परिक्रमेतही पहिले दोन महिने मी आरतीच्या वेळी बाजूला उभा राहत असे. पुढे केव्हातरी पणती माझ्या हाती आली. कोणत्या गावी, कोणत्या तिथीस, हे मला आठवत नाही, कारण त्या दिवशी विशेष असे काही घडले नाही. अमरकंटकला पोचलो तेव्हा, सालवनात मोहोराचा गंध भरला असता, माझ्या ध्यानात आले की गेले कित्येक दिवस आरतीची वेळ होताच माझी पावले आपोआप पाण्याकडे वळत होती. पत्नीचे दुःख गेले नव्हते. मात्र त्या दुःखाखाली आधार देणारा एक थर तयार झाला होता. आता घरी रोज सांजवात मी लावतो. देव आहे की नाही, या प्रश्नावर माझे मत फारसे बदललेले नाही. परंतु कृतज्ञता व्यक्त करण्यासाठी त्या प्रश्नाच्या निकालाची वाट पाहत बसण्याचे कारण मला उरलेले नाही.

ओंकारेश्वरी मांधाता बेटावर जाण्यास पात्र ओलांडावे लागते, म्हणून परिक्रमा पुरी होईपर्यंत तेथील ज्योतिर्लिंगाचे दर्शन घेता येत नाही. शेवटी सोबत आणलेले जल त्या लिंगावर वाहतात. ज्या दारापासून निघालो त्याच दारात प्रवेश मिळण्यासाठी संपूर्ण नदीला फेरी घालावी लागते, ही योजना ज्याने केली त्याला मनुष्यस्वभाव चांगला कळत असला पाहिजे.

माजी विद्यार्थी मित्रांनो, आपणांपैकी प्रत्येकाने परिक्रमेस जावे असा माझा आग्रह नाही. कित्येकांची प्रकृती, संसार, नोकरी त्यास अनुमती देणार नाही. पण परिक्रमेचे तत्त्व घरबसल्याही आचरता येते. वर्षातून एखादे असे काम हाती घ्यावे की ज्यात आपली पदवी, पैसा आणि ओळख उपयोगी पडणार नाही. ज्यांच्याकडून कधी काही घेतले नाही त्यांच्याकडून काही घ्यावे, निदान शिकावे. एखाद्या ओढ्याकाठी, टेकडीवर किंवा शाळेच्या मागील वडाखाली रोज तीच वेळ, तीच जागा धरून जाऊन बसावे. पहिल्या महिन्यात काहीच घडणार नाही, आणि तेच अपेक्षित आहे. आणि नळ उघडताना ते पाणी कोठून, कोणाच्या शिवारातून आले, हे मुलांना सांगावे. कृतज्ञता तेथून सुरू होते, आणि माझ्या अनुभवाने सांगतो, श्रद्धेचा पहिला पाझर तोच आहे.

 नर्मदे हर.